जुने कपडे निवडणारं मशीन आणताय, आधी बोहारणीला विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या कपड्यांचा कचरा आणि तो आपोआप निवडणारी मशीन्स यावर मध्यंतरी तुमच्या पेपरात छोटी बातमी होती, ती आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली आणि खाली लगेच दोघातिघांनी लिहिलं की चला, आता बोहारणीचं काम संपलं. ते वाचून मला राहवलं नाही म्हणून हे पत्र. थोडं मोठं होईल. जागा कमी असेल तर मधलं कापा पण शेवटचं तेवढं राहू द्या.

मी इचलकरंजीची, कापड तपासायच्या लॅबमध्ये काम करून मला २२ वर्षं झाली. मागावरनं उतरलेल्या ताक्याचा तुकडा आमच्याकडे येतो, काउंट (सुताची जाडी) किती, रीड-पीक (उभे-आडवे धागे किती दाट) किती, सूत किती टक्के, पॉलिस्टर किती टक्के हे आम्ही लिहून देतो. म्हणजे कपडा कशाचा आहे हे ओळखणं यावरच माझं घर चाललंय, त्यामुळे या मशीनबद्दल मला नुसतं कुतूहल नाही, ते मशीन यावं असं मनापासून वाटतं. पण ते कुठे ठेवायचं, त्याला कुणी शिकवायचं आणि शेजारी कोण बसणार, हे आपण आत्ता ठरवलं नाही तर नंतर फार उशीर झालेला असेल, माझं म्हणणं एवढंच आहे.

आधी हे सांगते की निवडण्याचं एवढं काय मोठं. जुना कपडा परत वापरात आणायचा तर तो कशाचा आहे हे कळायला पाहिजे, सगळं घोडं तिथेच अडतं. सुती असेल तर तो फाडून पिंजून परत धागा काढता येतो, नाहीतर त्याचा लगदा करून, विरघळवून व्हिस्कोससारखा नवा तंतू काढता येतो. पॉलिस्टर असेल तर वितळवून किंवा रसायनाने फोडून परत पॉलिस्टर करता येतं. पण आपण जे घालतो ते असं एकाच जातीचं असतं कुठे? शर्ट टेरिकॉट म्हणजे पॉलिस्टर-सुती मिक्स, लेगिंग्ज सुती पण त्यात चार-पाच टक्के लायक्रा म्हणजे ताणणारा धागा, ब्लाउज वरनं सिल्क आणि आतनं अस्तर वेगळंच, स्वेटर ॲक्रिलिक आणि लोकरीचा मिक्स. ही सगळी खिचडी एका ढिगात गेली की तो ढीग कुणाच्याच कामाचा राहत नाही, फारतर पुसायची फडकी होतात, गाद्या-उशांत भरतात नाहीतर जाळतात. एलेन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेने २०१७ ला मांडलं होतं की कपड्यांसाठी जेवढा माल जगात वापरला जातो त्यातला १ टक्क्यापेक्षाही कमी परत नव्या कपड्यात येतो. आणि आपल्या देशात दरवर्षी कापडाचा कचरा साठतो तो साधारण ७८ लाख टन, हा आकडा फॅशन फॉर गुड या संस्थेच्या २०२२ च्या अहवालातला. त्यात निम्म्याहून जास्त आपल्याच घरातनं निघालेले जुने कपडे आहेत, ४२ टक्के गिरण्यांचं आणि शिलाईच्या कारखान्यांचं कातरण, आणि बाहेरच्या देशातनं येतो तो फक्त ७ टक्के. मला हे वाचून धक्का बसला होता, कारण आपण सगळे समजतो की फॉरेनचे जुने कपडे आपल्याकडे येऊन पडतात म्हणून ढीग झालाय.

आता लॅबमध्ये आम्ही कसं ओळखतो ते सांगते म्हणजे मशीनची किंमत कळेल. सगळ्यात सोपी परीक्षा काडेपेटीची. चार धागे उपसायचे, चिमट्यात धरायचे, ज्योतीजवळ न्यायचे. सुती धागा भुर्रकन पेटतो, कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मागे राखाडी मऊ राख राहते, फुंकरीसरशी उडते. पॉलिस्टर ज्योतीपासनं आधी मागे आकसतं, मग वितळतं, काळा धूर निघतो आणि टोकाला काळा कडक मणी तयार होतो, तो नखाने फुटत नाही. लोकर किंवा खरं रेशीम असेल तर केस जळाल्याचा वास येतो, हा वास एकदा घेतला की माणूस जन्मात विसरत नाही. मिक्स असेल तर राखही आणि मणीही. पण यातनं जात कळते, टक्का कळत नाही. टक्क्यासाठी तुकडा वाळवून वजन करायचं, ७५ टक्के तीव्रतेच्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये टाकायचा, ॲसिड सूत खाऊन टाकतं आणि पॉलिस्टर तसंच राहतं, ते गाळायचं, धुवायचं, ओव्हनमध्ये वाळवायचं आणि परत वजन करायचं. एका नमुन्यात अर्धा दिवस जातो, आणि नमुना जातो तो जातोच. आता सांगा, ७८ लाख टन कपडे असे तपासायचे म्हटले तर कधी होणार?

मशीन हेच काम डोळ्याची पापणी लवायच्या आत करतं आणि कपड्याला धक्काही लावत नाही. त्याची युक्ती मला फार आवडते. आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा उजेड दिसतो, त्याच्या पलीकडे निअर इन्फ्रारेड म्हणून उजेड असतो, तो आपल्याला दिसत नाही पण कपड्याला जाणवतो. हा उजेड कपड्यावर टाकला की तंतूतले रेणू त्यातला ठराविक भाग शोषून घेतात आणि बाकीचा परत पाठवतात. पॉलिस्टर १६६० नॅनोमीटरच्या आसपास ठळकपणे शोषतं, सूत वेगळ्याच ठिकाणी, नायलॉन आणि लोकर आणखी वेगळ्या. म्हणजे प्रत्येक तंतूची आपली एक सही असते म्हणा ना. नुसता सेन्सर एका बिंदूवरची सही वाचतो, आणि हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा म्हणतात तो पट्ट्यावरनं सरकणाऱ्या अख्ख्या कपड्याची, ठिपक्या-ठिपक्याची सही घेतो, म्हणजे बाही कशाची, कॉलर कशाची, छातीवरचं रबरी प्रिंट कुठे, हे वेगवेगळं दिसतं. आणि मग येतं मशीन लर्निंग. मिक्स कपड्यात या सह्या एकात एक मिसळलेल्या असतात, त्यात डाय, फिनिश, कांजी, विणीचा जाड-पातळपणा यांची भर, माणसाने बसून नियम लिहायचे म्हटलं तर संपणारच नाहीत. म्हणून मशीनला हजारो नमुने दाखवतात, प्रत्येकासोबत सांगतात की हा ६५ टक्के पॉलिस्टर-३५ टक्के सूत, हा शंभर टक्के सुती, हा ॲक्रिलिक, आणि ते त्यातनं आपलं आपण शिकतं.

स्वीडनच्या माल्मो शहरात सिप्टेक्स नावाचा असा प्लांट २०२० मध्ये सुरू झाला, वर्षाला २४ हजार टन कापड निवडायची त्याची क्षमता. कपडे पट्ट्यावरनं जातात, वरनं उजेड आणि सेन्सर, तंतूची जात आणि रंग दोन्ही वाचले जातात आणि ठरलेल्या जागी आलं की हवेचा एक जोरदार फवारा तो कपडा त्याच्या पट्ट्यावर उडवून टाकतो. नेदरलँड्स-बेल्जियमकडे फायबरसॉर्ट नावाचं मशीन आहे, तेही याच तत्त्वावर चालतं. मी याचे व्हिडिओ कितीतरी वेळा बघितलेत, पांढरा सुती टी-शर्ट बरोबर पांढऱ्या सुतीच्या ढिगात जाऊन पडतो तेव्हा मला लॅबमधल्या सगळ्या ॲसिडच्या बाटल्या आठवतात. रंगानुसार वेगळं निघतं हेही फार मोठं आहे, कारण निळ्याचा निळाच धागा काढला तर परत रंगवायला लागत नाही, आणि रंगवायला किती पाणी लागतं आणि ते पुढे पंचगंगेत काय होऊन जातं हे इचलकरंजीकरांना वेगळं सांगायला नको.

आता अडचणी. मागच्या वर्षी एक विक्रेता आमच्या लॅबमध्ये हातात धरायचा छोटा स्कॅनर दाखवायला आला होता, कंपनीचं नाव लिहीत नाही. टेरिकॉटच्या शर्टवर टेकवला, लगेच पॉलिस्टर-कॉटन आलं आणि टक्काही आमच्या ॲसिडच्या रिपोर्टच्या जवळपास. आम्ही सगळ्याजणी खूष. मग मी घरनं नेलेली आईची इरकल साडी काढली. साडीच्या अंगावर स्कॅनर लावला, सुती म्हणाला, बरोबर. पदरावर लावला तर वेगळंच सांगू लागला, तेही बरोबरच होतं, कारण इरकलीच्या पदराचे उभे धागे वेगळे असतात, ते मागावरच अंगाच्या उभ्या धाग्यांना जोडलेले असतात. पण मग पट्ट्यावरनं घडी घातलेली इरकल गेली तर वर जे असेल तेच मशीनला दिसणार, आणि साडी चुकीच्या ढिगात पडणार. त्यानंतर मी गोधडी पुढे केली. वरनं आजीच्या सुती लुगड्याचा पट्टा, आत नायलॉनच्या साड्या, एक जुनं पॉलिस्टरचं पांघरूण, आणि सगळ्यातनं गेलेला हातटाका. स्कॅनर म्हणाला शंभर टक्के सुती. त्याची चूक नाही, त्याला वरचा थरच दिसतो, आतलं दिसतच नाही. शेवटी काळी ट्रॅक पँट लावली तर काहीच उत्तर आलं नाही. कार्बन ब्लॅकने, म्हणजे काजळीसारख्या रंगाने काळं केलेलं कापड हा सगळा उजेडच गिळून टाकतं, परत काही येतच नाही तर वाचणार काय.

पाण्याचाही प्रश्न आहे. पाणी स्वतःच या उजेडात ठळकपणे दिसतं, १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास, आणि सुताची सही पण त्याच परिसरात असते, त्यामुळे ओलसर कपड्याचं वाचन बिघडतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कोकणात, सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कुठला कपडा कोरडा असतो ते सांगा. सूत आणि व्हिस्कोस दोन्ही मुळात एकाच पदार्थाचे, त्यामुळे त्यांच्यात गल्लत होते. लायक्रा दोन-तीन टक्के असला तर कित्येकदा निसटतो आणि पुढे तोच रसायनाच्या प्रक्रियेत त्रास देतो. हे सगळं मशीन बनवणाऱ्यांना माहितीये, ते त्यावर काम करतायत, मी काही नवीन शोध लावला नाही. मला वेगळीच काळजी वाटते. मशीन शिकतं ते त्याला दाखवलेल्या नमुन्यांवरनं. युरोपातल्या जीन्स, टी-शर्ट आणि स्वेटरवर शिकलेलं मशीन उद्या बोलीवर घेऊन आपण इथे बसवलं, तर त्याने नऊवारी बघितलेली नाही, परकर, कांजीचं धोतर, जरीचा काठ, फॉल लावलेली साडी, हळद लागलेला पंचा, अस्तराचा ब्लाउज काहीच बघितलेलं नाही. कपड्याच्या आतलं लेबल वाचावं म्हणाल तर आपले निम्मे कपडे टेलरकडनं शिवलेले, त्यांना लेबल असतं कुठे.

आणि इथेच मला आमच्या गल्लीत येणारी बोहारीण आठवते. नाव लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही. डोक्यावर टोपली, त्यात स्टीलची भांडी, पाठीला बोचकं, गेली कित्येक वर्षं ती सोमवारी येते. दारात बसते आणि कपडे हातात घेते तेव्हा बघण्यासारखं असतं. शर्ट घेतला की आधी कॉलर उलटून आतली घडी बघते, मग बगल, मग बटणाच्या पट्टीवरनं अंगठा फिरवते. साडी असेल तर पदर उन्हाकडे धरते, विरलंय का, भोक आहे का, रफू आहे का ते एका नजरेत कळतं. मग दोन बोटांच्या चिमटीत कापड चोळते आणि कानाजवळ नेते, हो, कानाजवळ, चोळल्याचा आवाज ऐकते. ‘ताई, ह्ये सुती न्हाई, टेरिकॉट हाय, ह्येला पातेलं न्हाई, वाटी देते.’ घासाघीस होते, आमच्या सासूबाई तिला कधी सोडत नाहीत, पण कापडाची जात ओळखण्यात मी तिला चुकताना फार कमी बघितलंय आणि मी लॅबवाली आहे.

नीट बघितलं तर ती त्या दहा सेकंदात चार-पाच गोष्टी ठरवत असते. हा कपडा कुणी अजून अंगावर घालेल का. घालेल तर कुठल्या बाजारात जाईल, खेड्यावरच्या आठवडी बाजारात की बांधकामावरच्या मजुरांकडे. दुरुस्ती करून जाईल का, चेन बदलली तर किती मिळतील. नाहीच तर गोधडीला जाईल की फडक्याला. आणि या सगळ्याच्या शेवटी, कशाचा आहे. मशीनला आज यातलं शेवटचं चांगलं येतं. डाग आणि भोकं ओळखणारे कॅमेरे येतायत, पण लगनसराईत कुठल्या रंगाची काठपदर साडी जुनी असूनही पटकन जाईल हे कॅमेऱ्याला कोण सांगणार? खुद्द माल्मोच्या प्लांटलाही घालण्याजोगे कपडे देत नाहीत, ते माणसं आधीच हाताने काढून घेतात, मशीनपुढे जातं ते फक्त घालण्यापलीकडचं. हे बातम्यांत कधी येत नाही. घालता येईल तो कपडा घालणं हे त्याचा धागा काढण्यापेक्षा कधीही चांगलं, नवीन काहीच करावं लागत नाही, ना वीज ना रसायन. आणि ते काम आपल्याकडे मुंबई-अहमदाबादच्या देवीपूजक समाजातल्या बायकांनी आणि गावोगावच्या बोहारणींनी पिढ्यान्‌पिढ्या केलंय, उन्हातान्हात, डोक्यावर ओझं घेऊन, कुणी त्याला कचरा व्यवस्थापन वगैरे म्हटलं नाही.

पानिपतचंही सांगायला पाहिजे. जुन्या लोकरी आणि होजिअरी कपड्यांपासनं धागा काढून ब्लँकेटं करायचा तिथला धंदा जगात नावाजलेला, भूकंप-पुरात वाटतात ती स्वस्त ब्लँकेटं बहुतेक तिथलीच. तिथे बायका जमिनीवर बसून आपल्या विळीसारख्या उभ्या पात्यावर कपडे फाडतात, बटणं, चेन, हुक, अस्तर काढतात आणि नुसत्या नजरेने रंग वेगळे करतात, लालातला लाल वेगळा, मरून वेगळा. त्या खोल्यांतला तंतूचा धुरळा मी व्हिडिओत बघितला तरी माझा घसा खवखवतो, कारण मागाच्या शेडमधला फुफाटा मला माहितीये, माझ्या वडलांचा खोकला त्यातलाच होता. तर मला वाटतं मशीन आधी तिथे पाहिजे. जिथे माणसाची छाती खराब होते ते काम मशीनने घ्यावं, पिंजताना, फाडताना, ढीग उपसताना. जिथे माणसाची नजर आणि अक्कल लागते तिथे माणूस राहावा, आणि त्याला मास्क, पंखा, टेबल, खुर्ची आणि नीट मजुरी मिळावी. आपल्याकडे नेहमी उलटं होतं, सोपं आणि पैशाचं काम मशीनला जातं आणि धुरळा बाईच्या वाट्याला राहतो.

युरोपकडे बघून घाई करणाऱ्यांनी तिथे काय झालं तेही बघावं. युरोपियन युनियनने १ जानेवारी २०२५ पासनं जुने कपडे वेगळे गोळा करणं सक्तीचं केलं. चांगला नियम. पण स्वीडनमध्ये लोकांनी फाटके-विटके सगळेच कपडे आणून टाकले, गोळा करणाऱ्या संस्थांच्या पेट्या भरून वाहायला लागल्या आणि शेवटी सरकारला अगदीच खराब कपडे कचऱ्यात टाकायला परत मोकळीक द्यावी लागली. त्याच देशात रिन्यूसेल नावाच्या कंपनीने २०२२ मध्ये जुन्या सुती कपड्यांचा लगदा करायचा मोठा कारखाना उघडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती दिवाळखोरीत गेली, कारण लगदा चांगला होता पण मोठे ब्रँड म्हणावा तसा घेईनात. पुढे ती दुसऱ्यांनी विकत घेतली, सर्क्युलोज नाव झालं. म्हणजे निवडणारं मशीन आलं, गोळा करायचा कायदा आला, कारखाना आला, तरी शेवटी धागा घेणारं गिऱ्हाईक नसेल तर सगळं जागच्या जागी उभं राहतं. मागावाल्यांच्या गावात राहिल्यामुळे मला हे लगेच पटलं, आमच्याकडेपण ताका तयार असतो आणि उठाव नसतो.

आता आपल्याकडचं. नवी मुंबई महापालिकेने बेलापूरला जुन्या कापडाचं केंद्र सुरू केलंय, तिथे सोसायट्यांमधनं कपडे गोळा करतात आणि तंतू ओळखायला हातातला स्कॅनर वापरतात, बचत गटांच्या बायकांना शिकवून घेतलंय. मला हे फार आवडलं, स्कॅनर बाईच्या हातात आहे हे जास्त आवडलं. बाकीच्या महापालिकांनी करताना हेच डोळ्यापुढे ठेवावं. माझी भीती अशी की पुढचं शहर करेल तेव्हा एका कंत्राटदाराला टेंडर निघेल, सोसायटीतले जुने कपडे सगळे त्याच्याच पेटीत टाका म्हणून बोर्ड लागेल, आणि बोहारणीला वॉचमन गेटवरनंच परत पाठवेल. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासनं आहे, तिथल्या कचरावेचकांची स्वच्छ सहकारी संस्था झाली आणि महापालिकेने त्यांच्याशी रीतसर करार केला, ओळखपत्रं दिली. कागद-काचेचं जमतं तर कपड्याचं का जमू नये? बोहारणींची नोंद करा, त्यांना ओळखपत्र द्या, प्रत्येक वॉर्डात मंडईशेजारी एक पत्र्याचं कोरडं शेड द्या जिथे बोचकं सोडता येईल, पावसात झाकता येईल. घालण्याजोगं त्यांनी काढून घ्यावं, तो त्यांचा हक्काचा धंदा आहे. उरलेलं, जे आज त्या अगदी कवडीमोलाने चिंधीवाल्याला देतात, ते शेडमध्येच मशीनवर जावं आणि वजनावर त्यांना पैसे मिळावेत, सुताला सुताचा भाव, पॉलिस्टरला पॉलिस्टरचा.

आणि मशीनला शिकवायचे नमुने त्यांच्याच बोचक्यातनं घ्या. आपल्याकडे एवढी इंजिनिअरिंग कॉलेजं, टेक्सटाइलची कॉलेजं आहेत, मुलं दरवर्षी प्रोजेक्ट करतात. महाराष्ट्रातल्या घराघरातनं निघणाऱ्या कपड्यांची स्वतःची नमुना-पेटी तयार करायला काय हरकत आहे? प्रत्येक नमुन्याची सही स्कॅनरने घ्यायची, आमच्यासारख्या लॅबने ॲसिडमध्ये टाकून खरा टक्का द्यायचा, आणि बोहारणीने हाताने सांगितलेलंही शेजारी लिहायचं. कोरडा असताना, ओला असताना, कांजी केलेला, धुतलेला, शंभर वेळा धुतलेला. आणि त्या बायकांना या कामाची मजुरी द्यायची, चहा-बिस्किटांवर भागवायचं नाही. कारण मशीन शिकलं म्हणजे तिच्याकडनंच शिकलं असणार.

आमच्या मागावाल्यांना आणि गारमेंटवाल्यांनाही एक सांगायचंय. वर लिहिलेल्या ४२ टक्क्यांत आपलंच कातरण आहे. ताका कशाचा आहे हे आपल्याला पहिल्या दिवशीच माहीत असतं, बिलावर लिहिलेलं असतं. तरी कटिंग टेबलाखालचं सगळं कातरण एकाच पोत्यात कोंबतो, सुती, पीसी (पॉलिस्टर-कॉटन), लायक्रा, काळं, पांढरं. मग ते पुढे जाऊन कुणीतरी लाखो-कोटींच्या मशीनने वेगळं करायचं. तीन पोती ठेवा, पोत्यावर मार्करने लिहा, याला कसलाच कॅमेरा लागत नाही. मी ओळखीच्या एका कारखान्यात हे करायला लावलं, महिनाभरात वेगळ्या केलेल्या पांढऱ्या सुती कातरणाला चिंधीवाल्याने चांगला जास्त भाव दिला, मालक स्वतः सांगत होते.

शेवटचं, जे कापू नका म्हटलं ते. तो विक्रेता स्कॅनर दोन आठवड्यांसाठी लॅबमध्ये ठेवून गेला होता, तेव्हा एका सोमवारी मी रजा टाकून तो घरी आणला आणि बोहारणीला म्हटलं बस, जरा एक गंमत बघू. तिच्या बोचक्यातले दहा कपडे काढले. आधी तिने चिमटीत चोळून सांगायचं, मी वहीत लिहायचं, मग स्कॅनर लावायचा. आठ कपड्यांना दोघांचं एकच उत्तर आलं. नववी एक फुलाफुलांची कुर्ती, ती म्हणाली सुती, स्कॅनर पण म्हणाला सुती, आणि माझ्या बोटांना काहीतरी वेगळं लागत होतं, दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली बघितलं तर व्हिस्कोस. दोघंही चुकले. दहावा एक काळा शर्ट. स्कॅनर गप्प. तिने चोळला, कानाजवळ नेला आणि म्हणाली, ‘ह्यो निव्वळ प्लास्टिक.’ मी दोन धागे काढून काडी लावली, कडक काळा मणी.

मग तिने स्कॅनर हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला, त्याच्या काचेवरची माझ्या बोटाची धूळ पदराने पुसली आणि मला विचारलं, ‘ताई, हा कितीला मिळतो? आमच्यात सात-आठ जणी हायत, मिळून घेतला तर?’ मी किंमत सांगितल्यावर गप्प झाली, टोपली उचलली. सात-आठ जणींना मिळून तो घेता यावा म्हणून आमच्या नगरपालिकेत, आता महापालिका झालीये, बचत गटाच्या योजनेतनं काही होतं का हे विचारायला मी दोनदा जाऊन आलेय, हे काम कुठल्या खात्यात बसतं हे अजून कुणी सांगितलेलं नाही. आपल्या वाचकांपैकी कुणाला अशा योजनेची माहिती असेल, किंवा कुठल्या कॉलेजला त्या नमुना-पेटीचं काम करायचं असेल तर पेपरमार्फत कळवावं. ते दहाही कपडे, वहीतल्या नोंदी आणि लॅबचे रिपोर्ट मी प्लास्टिकच्या पिशव्यांत नंबर टाकून जपून ठेवलेत.

आपली एक वाचक,
इचलकरंजी